दूरदेशीचा धूर

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पारनेरच्या डोंगरांवर उन्हाळ्यात वणवा लागला, की रात्री लांबूनही आगीची माळ दिसते. सकाळी गावात मात्र फारसे काही जाणवत नाही. वाळल्या गवताची आग थोडा वेळ टिकते, तिचा धूर फार उंच चढत नाही आणि वाऱ्यावर विरून जातो. पण मैलोगणती जंगल महिनोन्‌महिने जळू लागले, की त्या उष्णतेने धूर कित्येक किलोमीटर वर जातो आणि तिथल्या वेगवान वाऱ्यांच्या हाती सापडतो.

1950 सालची हकीकत ऐका. कॅनडात ब्रिटिश कोलंबिया आणि अल्बर्टा प्रांतांच्या हद्दीवर, चिंचागा नदीच्या परिसरात, जूनच्या आरंभी वणवा पेटला. वस्ती आणि रस्ते यांपासून दूर असलेली आग विझवायची नाही, असे तेव्हाचे धोरण होते. सप्टेंबरात ती भडकली. 24 तारखेला, रविवारी, तीनेक हजार किलोमीटरवरच्या ऑन्टॅरिओत आणि अमेरिकेच्या ईशान्य भागात भरदुपारी अंधारून आले. रस्त्यावरचे दिवे लावावे लागले. कोणाला ग्रहण वाटले, कोणाला अणुबॉम्ब! हिरोशिमाला पाचच वर्षे झाली होती आणि कोरियात युद्ध पेटले होते. त्या भीतीला हसावे असे मला तरी वाटत नाही. 26 तारखेला तोच धूर ब्रिटनवर पोहोचला आणि लोकांनी निळा सूर्य पाहिला. एडिंबरोच्या रॉबर्ट विल्सन यांनी त्या प्रकाशाचा अभ्यास केला. धुराचे कण जवळजवळ एकाच मापाचे होते. ते तांबडा प्रकाश अधिक विखुरत होते, म्हणून निळा तेवढा उरत होता.

आपल्याकडेही 1883 च्या सप्टेंबरात मद्रासेत हिरवा सूर्य दिसला होता. पण तो क्राकाटोआ ज्वालामुखीचा प्रताप. पारनेरचे सेनापती बापट तेव्हा तीन वर्षांचेही नव्हते.

1950 मध्ये ब्रिटनवरून धूर उंचावरून गेला. 2023 च्या जूनमध्ये मात्र क्यूबेकच्या वणव्यांचा धूर न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर उतरला. 7 तारखेला हवेचा निर्देशांक 400 च्या पुढे गेला. न्यू जर्सीतल्या मराठी कुटुंबांनाही घरातच थांबण्याचा सल्ला मिळाला. या धुरातले अडीच मायक्रॉनहून बारीक कण थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात. शिवाय वणव्याचे वायू शहरातल्या मोटारींच्या धुरात मिसळले आणि वर ऊन पडले, की ओझोन तयार होतो. म्हणजे पाहुण्या धुराला घरचा धूर साथ देतो.

हा पाहुणा किती आणि घरचा किती, याचा हिशेब आपल्या शेजारी पुण्यात मांडला गेला. तिथल्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेची ‘सफर’ ही यंत्रणा 2010 मध्ये दिल्लीत आणि 2013 मध्ये पुण्यात सुरू झाली. उपग्रहाला दिसणाऱ्या आगी आणि वाऱ्याची दिशा यांवरून पंजाब-हरियाणातल्या पराळीच्या धुराचा दिल्लीच्या हवेतला वाटा ती सांगू लागली. एखाद्या दिवशी तो तिसऱ्या हिश्शाहून अधिक भरे, तर वारा फिरला की नगण्य. भांडण मात्र रोज सारख्याच आवेशात चाले. कारण वाटा नगण्य असलेल्या दिवशीही हिवाळ्यात दिल्लीकरांचा खोकला काही थांबत नसे.