आधी थर, मग वॉट

भिजवून नरम केलेलं तेंदूचं पान हातात घ्यायचं, त्यावर पत्र्याचा फर्मा ठेवायचा आणि फर्म्याच्या कडेनं कात्री फिरवायची. जाड शीर मध्ये आली तर बिडी वळताना पान फाटतं, म्हणून सराईत बाई कात्री लावण्याआधी पान उजेडाकडे धरते. नागपूरजवळच्या कामठीत कित्येक घरं या कामावर जगली. बिडी कामगारांची संघटना बांधणारे आणि १९३७ साली मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळावर निवडून गेलेले बाबू हरदास इथलेच. त्या धंद्यात 'छाट' हा शब्द सगळ्यांच्या तोंडी असे. छाट म्हणजे नापसंत ठरवून बाजूला काढलेल्या, मजुरी न मिळणाऱ्या बिड्या. पानाची निवड चुकली की नुकसान शेवटी वळणारीच्या पदरात पडे.

या पुस्तकाचा विषय विद्युतवाहक चिकट टेप आणि तिची लेसरनं होणारी कापणी. पहिली पायरी मात्र तीच: कापायला घेण्याआधी वस्तू उजेडात धरून पाहायची.

मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसून पाहिलं असेल तर ही टेप तुमच्या ओळखीची आहे. स्क्रीन उचकटली की मागे कुठे तांब्याचा लखलखीत तुकडा दिसतो, कुठे करड्या रंगाचं चमकदार कापड. सर्किटला अर्थिंग मिळावं आणि एका भागातल्या विद्युत-चुंबकीय लहरींनी दुसऱ्या भागात गोंधळ घालू नये, यासाठी ती असते. तुकड्यांचे आकार विचित्र असतात, मध्ये बारीक भोकं असतात आणि एखादी पट्टी मिलिमीटरभरही रुंद नसते. हा आकार कात्रीचा नव्हे.

टेप दिसते एक, असते तीन. वर धातूचा पत्रा, बऱ्याचदा ३५ मायक्रॉन जाडीचं तांबं. त्याखाली अ‍ॅक्रिलिकचा गोंद, त्यात मिसळलेले धातूचे बारीक कण. सगळ्यात खाली सोलून टाकायचा कागद. गोंद स्वतः वीज वाहून नेत नाही, ते काम कणांचं. काही टेपांमध्ये कण इतके विरळ ठेवतात की वीज फक्त जाडीच्या दिशेनं जाते, आडवी पसरत नाही. दोन ताटांमध्ये कणकेचा पातळ थर आहे आणि त्यात थराच्या जाडीएवढे हरभरे दूरदूर पेरले आहेत, असं समजा. प्रत्येक हरभरा दोन्ही ताटांना टेकतो, शेजारच्या हरभऱ्याला मात्र नाही.

या तीन थरांना प्रकाश तीन तऱ्हांनी भेटतो, आणि या विद्येची सगळी गोम तिथेच आहे. लेसर घ्यायला निघालेला माणूस पहिला प्रश्न विचारतो, "किती वॉटचा?" माझ्या मते हा तिसरा प्रश्न. पहिला, थर कोणते? दुसरा, तरंगलांबी कोणती?

हे मी चुकून शिकलो. अ‍ॅक्रिलिकच्या पाट्या कापणारं कार्बन डायऑक्साइड लेसरचं यंत्र हाताशी होतं, त्यात तांब्याची टेप ठेवली. डोकं गेलं आणि आलं, टेप जशीच्या तशी, डाग नाही. म्हटलं, उलटी करून पाहू. कागद जळाला, गोंद काळा पडून बुडबुडला, जळक्या प्लास्टिकचा उग्र वास खोलीभर झाला. पुसून पाहिलं तर त्याखालचं तांबं तसंच हसत होतं. या लेसरची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन. एवढ्या लांबीच्या प्रकाशाला स्वच्छ तांबं म्हणजे जवळजवळ आरसा, शंभरातले अठ्ठ्याण्णव भाग तो परत पाठवतो. कागद आणि गोंद मात्र तोच प्रकाश अधाशासारखा पितात. परत आलेला प्रकाश यंत्राच्या भिंगांवर आणि नळीवर उलटू शकतो, तेव्हा माझा हा प्रयोग करू नका.

हा लेसर १९६४ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत शोधला तो सी. कुमार एन. पटेल यांनी. जन्म बारामतीचा, इंजिनिअरिंग पुण्याच्या कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगमधलं. लाकूड, कापड, चामडं, अ‍ॅक्रिलिक यांसाठी त्यांचं यंत्र आजही गावोगाव राबतं आहे. तांब्यापुढे हात टेकले हा त्याचा दोष नाही, तरंगलांबीचा स्वभाव आहे.

फायबर लेसर साधारण १.०६ मायक्रॉनवर चालतो. तिथेही थंड तांबं थोडाच प्रकाश घेतं, पण झोत बारीक आणि स्पंद तीव्र असल्यामुळे तेवढ्यानं काम भागतं. अडचण पुढे येते. तांबं वितळतं १०८५ अंशांना, गोंद त्याच्या कितीतरी आधी करपतो, आणि तांबं उष्णता झपाट्यानं आजूबाजूला पसरवतं. म्हणून एका दमात कापायचं नाही. अब्जांश सेकंदांचे छोटे स्पंद, झपाझप फिरणारा आरसा आणि त्याच रेषेवर अनेक फेऱ्या. एक फेरी निवेपर्यंत दुसरी यायची नाही. ३५५ नॅनोमीटरचा अतिनील लेसर याहून नाजूक हाताचा, कारण तो तांब्यालाही रुचतो आणि गोंदालाही, पण किंमत ऐकून बरेच जण फायबरकडेच परततात.

खालचा कागद न कापता वरचे थर कापायचे, याला इंग्रजी पुस्तकांत काहीही म्हणोत, आपल्याकडे रेडियमच्या दुकानात त्याला हाफ कट म्हणतात. नंबरप्लेटवाल्याचं पातं कागदावर जेमतेम ओरखडा उठवून थांबतं. लेसरला ते थांबणं शिकवावं लागतं. आणि एक सक्त सूचना: रेडियमचं व्हिनाइल लेसरखाली कधीही ठेवू नका. ते पीव्हीसी असतं, त्यातून हायड्रोजन क्लोराइड निघतो. तो फुप्फुसंही खातो आणि यंत्राचं लोखंडही.

एकाच आकाराचे लाखो तुकडे हवे असतील तर लेसरचा मोह सोडा, डाय बनवून घ्या, स्वस्त पडेल. नमुने, छोटे लॉट आणि रोज बदलणारी डिझाइन, हे लेसरचं खरं घर.

कापडी टेपेचं प्रकरण मी सगळ्यात आवडीनं लिहिलं. पॉलिएस्टरच्या विणीवर तांबं आणि निकेल चढवलेलं असतं. पात्यानं कापलं की कडेचे धागे सुटतात, हे मागावर बसलेल्या माणसाला सांगावं लागत नाही, आणि कामठीत माग पिढ्यान् पिढ्या चालले. इथे सुटलेला धागा वीज वाहतो. तो सर्किटवर पडला की शॉर्ट. लेसरनं धाग्याचं टोक वितळून बंद होतं, पण ताप जास्त झाला तर तिथे गाठीसारखा फुगवटा येतो आणि टेप सपाट बसत नाही.

पहिलं प्रकरण उघडण्याआधी एवढं करा. वाहक गोंदाच्या तांब्याच्या टेपेचा बोटभर तुकडा पितळी पट्टीवर अलगद ठेवा. मल्टिमीटरचं एक टोक तांब्याला, दुसरं पितळेला. आकडा नाचत राहील. आता अंगठ्यानं दाबून चिकटवा. आकडा इतका खाली येईल की मीटर फक्त स्वतःच्या वायरींचा रोध मोजत बसेल. चार वायरींनी का मोजायचं, ते पहिल्या प्रकरणात आहे.