परंपरानिष्ठा आणि लोकोत्सव : पुण्यातील एक वाद (१८९०–१८९५)

समाजातील बदल कायद्याने घडवून आणावा, की तो समाजाच्या अंतःशक्तीतून उद्भवू द्यावा, हा राजकीय तत्त्वज्ञानातील जुना प्रश्न होय. फ्रेंच राज्यक्रांतीवरील आपल्या १७९० च्या ग्रंथात एडमंड बर्क याने परंपरेच्या बाजूने त्याचे उत्तर दिले. पुढे शंभर वर्षांनी हाच प्रश्न संमतिवयाच्या वादाच्या रूपाने पुण्यात उपस्थित झाला. येथे मात्र कायदा करणारे सरकार परकीय होते, आणि या एका भेदाने वादाचे स्वरूपच पालटले.

फुलमणी दासी या बंगाली बालवधूच्या मृत्यूचा खटला १८९० मध्ये कलकत्त्यास चालला. तिचे वय कायद्यातील दहा वर्षांच्या मर्यादेपलीकडे असल्यामुळे पतीवर बलात्काराचा आरोप ठेवता आला नाही. ही मर्यादा बारा वर्षांवर नेणारा कायदा मार्च १८९१ मध्ये संमत झाला. रानडे, भांडारकर व तेलंग यांनी त्यास पाठिंबा दिला. टिळकांनी कडाडून विरोध केला. तथापि हा विरोध म्हणजे बालविवाहाचे सरसकट समर्थन नव्हे. मुलींचे विवाह सोळा व मुलांचे वीस वर्षांपूर्वी न करण्याचे बंधन सुधारकांनी प्रथम स्वतःवर घालून घ्यावे, अशी सूचना टिळकांनीच १८९० मध्ये केली होती. सुधारणा हवी, पण ती समाजाने स्वतः करावी, हा त्यांच्या परंपरानिष्ठेचा गाभा होय.

ही भूमिका स्वीकारली, तर समाजाने स्वतःस सुधारण्याचे साधन कोणते, हा प्रश्न क्रमप्राप्त ठरतो. १८९३–९४ पासून सार्वजनिक रूप पावलेल्या गणेशोत्सवात असे साधन निर्माण झाले होते. सभा व निबंध यांपलीकडचा मोठा समुदाय मेळे, पदे आणि व्याख्याने यांच्याद्वारे एकत्र येऊ लागला. सुधारकांना जे साधले नव्हते, ते लोकसंस्कृतीच्या या जाणकाराने साधले. परंतु या व्यासपीठाचा भर राजकीय जागृतीवर व हिंदूंच्या ऐक्यावर राहिला. १८९३ च्या हिंदु-मुसलमान दंग्यांची छायाही त्यावर होती. विवाहवयाचा प्रश्न तेथे मागे पडला. १८९५ मध्ये पुण्यास काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा टिळकपक्षीयांच्या विरोधामुळे सामाजिक परिषदेस काँग्रेसचा मंडपही मिळू शकला नाही. परकीय कायदा नको आणि स्वकीय व्यासपीठही नको, अशी सुधारणेची कोंडी झाली.

परंपरा जिवंत असते व ती आतून बदलू शकते, हा सिद्धांत खोटा ठरला असे यावरून म्हणता येत नाही. समाजाच्या नावाने कोण बोलतो, याचा विचार त्यात अपुरा राहिला, एवढे मात्र निश्चित. १९२० च्या दशकात ब्राह्मणेतर चळवळीने पुण्यात छत्रपती मेळा उभारून मेळ्याचेच माध्यम प्रस्थापितांवरील टीकेसाठी वापरले, तेव्हा ही उणीव उघड झाली. उत्सवाने जागविलेला समाज एकजिनसी नव्हता. आणि ज्या बालवधूंच्या संदर्भात हा वाद पेटला, त्यांचा आवाज कायद्याच्या चर्चेत क्वचित व उत्सवाच्या मंडपात त्याहूनही क्वचित ऐकू आला. परंपरेच्या स्वयंसुधारणेवर विश्वास ठेवणाऱ्या कोणत्याही विचारसरणीस या कसोटीला उतरावेच लागते.