शिंपल्याची तावदाने

शिंपल्याची तावदाने : काचेऐवजी खिडक्यांत बसविलेले पातळ व अर्धपारदर्शक शिंपले. हे शिंपले प्लॅक्यूना प्लासेंटा या जातीच्या कालवाचे असतात. सेंद्रिय व असेंद्रिय घटकांच्या संयोगातून बनलेल्या नैसर्गिक संमिश्र पदार्थाचा प्रकाशासाठी केलेला हा एक जुना उपयोग होय.

इंग्रज वैद्य जॉन फ्रायर याने १६९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात, मुंबईतील इमारतींना काचेऐवजी चौकोनी कापून घासलेले शिंपले बसवीत, अशी नोंद केली आहे. गोव्यातील चर्च व जुनी घरे यांतही ही तावदाने होती. लाकडी चौकटीतील बारीक पट्ट्यांच्या खाचांत शिंपले सरकवीत. त्यांतून येणारा उजेड सौम्य असे व बाहेरचे दृश्य दिसत नसे. पुढे काच स्वस्त झाल्यावर ही प्रथा मागे पडली.

शिंपल्यांच्या प्रकाशीय गुणांचा शास्त्रीय अभ्यास मात्र त्यांच्या चमकीपासून सुरू झाला. मालवण किनाऱ्यावरील खडकांना चिकटून राहणाऱ्या हिरव्या शिंपल्याच्या आतील बाजूस मोत्यासारखे चकाकणारे अस्तर असते. अशा अस्तरात ॲरॅगोनाइट या खनिजाच्या सुमारे अर्धा मायक्रोमीटर जाडीच्या चकत्या प्रथिनयुक्त पातळ पडद्यांनी जोडलेल्या असतात. डेव्हिड ब्रूस्टर यांनी १८१४ मध्ये अशा शिंपल्याचा ठसा मेणावर घेतला, तेव्हा मेणातही तेच रंग दिसले. त्यावरून रंगांचा काही भाग पृष्ठावरील सूक्ष्म रेषांमुळे होणाऱ्या विवर्तनाने निर्माण होतो, हे कळले. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९३५ च्या सुमारास भारतीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात शिंपल्यांच्या रंगांवर निबंध प्रसिद्ध करून थरांच्या रचनेचा या रंगांशी असलेला संबंध विशद केला.

तावदानाच्या शिंपल्याची रचना याहून वेगळी आहे. वजनाने त्याचा सुमारे ९९% भाग कॅल्साइट असून उरलेला सेंद्रिय असतो. कॅल्साइटाचा प्रणमनांक दिशेनुसार १·४९ ते १·६६ असा बदलतो. स्फटिक वेडेवाकडे असते, तर सीमांवर प्रकाशाचे प्रकीर्णन होऊन शिंपला खडूसारखा अपारदर्शक झाला असता. येथे सुमारे ३०० नॅनोमीटर जाडीच्या पट्ट्या एकाच दिशेने रचलेल्या असल्याने दृश्य प्रकाशाचा सुमारे ८०% भाग आरपार जातो. अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स तंत्रशास्त्र संस्थेच्या संशोधकांना २०१४ मध्ये असे आढळले, की आघाताची ऊर्जा शोषण्यात हा शिंपला शुद्ध कॅल्साइटाहून सुमारे दसपट सरस आहे.

प्रयोगशाळेतील संकरित पदार्थांचा विकास याच सुमारास नव्हे, तर १९८० नंतरच्या दशकात सॉल-जेल पद्धतीमुळे वेगाने झाला. त्यांत सिलिका किंवा टिटॅनियम डाय-ऑक्साइड यांचे कण बहुवारिकात विखुरतात. कण काही दशक नॅनोमीटरांपेक्षा लहान ठेवल्यास प्रकीर्णन अत्यल्प होते आणि पदार्थ पारदर्शक राहतो. चष्म्याच्या प्लॅस्टिक भिंगांवरील ओरखडेरोधक लेप हा त्याचा परिचित उपयोग होय.

मूळ कालव मात्र आता दुर्मिळ होत आहे. भारतात या जातीचा समावेश २००१ मध्ये वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूचीत करण्यात आला. सिंधुदुर्गलगतच्या गोव्यात झुआरी नदीच्या मुखाजवळील चिखली उपसागरात त्याचे वसतिस्थान आहे. जुनी तावदाने फुटल्यावर त्यांच्या जागी तसाच शिंपला मिळणे त्यामुळे कठीण झाले असून, इमारतींचे जतन व कालवाचे रक्षण हे दोन्ही हेतू साधावयाचे, तर त्याच्या रचनेचे कृत्रिम अनुकरण उपयुक्त ठरू शकेल.