रिकामा दिसलेला रस्ता

बैठकीला कोण कोण होतं, याचा पुरावा म्हणून आपण फोटो जोडतो. फोटो खोटं कसं बोलेल?

आता १८३८ सालची गोष्ट ऐका. पॅरिसमध्ये लुई दागेर यांनी उंच खिडकीतून खालच्या रस्त्याचा फोटो घेतला. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर. तेव्हा उजेडाचा ठसा उमटायला काही मिनिटं जायची. रस्ता वर्दळीचा, पण पत्र्यावर सगळा ओस! चालत्या गाड्या-माणसांचा ठसाच धरला नाही. उरला बूट पॉलिश करून घेणारा एक माणूस, कारण तो जागचा हलला नव्हता.

आणि त्याच्या पायाशी बसलेला पॉलिशवाला? त्याचे हात सारखे चालू होते ना, म्हणून तो नुसता पुसट डाग.