दोन समुद्रांमधले तालुके

शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, म्हणजे घाटमाथ्यावर ढग रिते झाल्यानंतर उरलेल्या कोरड्या वाऱ्याच्या टापूत मोडतात, आणि म्हणूनच तेथील सार्वजनिक स्मृती जवळजवळ सर्वस्वी दुष्काळाची आहे. १८७६-७८ च्या दुष्काळात दौंड-मनमाड लोहमार्गाच्या मातीकामावर राबलेली माणसे आणि १९७२ साली खडी फोडायला गेलेली कुटुंबे यांची आठवण पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली; समुद्री वादळ हा मात्र कोकणाचा विषय मानला गेला. २०२० या एकाच वर्षात पश्चिम किनाऱ्यावरून एक आणि पूर्व किनाऱ्यावरून दुसरे अशी दोन वादळी संकटे महाराष्ट्रात शिरली, तेव्हा ही समजूत किती अपुरी आहे हे दिसून आले. तरीही त्यांपैकी एकच लोकांच्या लक्षात राहिले.

लक्षात राहिलेले संकट म्हणजे ३ जून २०२० रोजी दुपारी रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळलेले ‘निसर्ग’. ते तीव्र चक्रीवादळ होते. ताशी ८९ ते ११७ किलोमीटर वेगाचे वारे असलेल्या वादळाला हवामान खाते ही संज्ञा देते. टाळेबंदीच्या काळात पर्यटकांअभावी आधीच ओस पडलेल्या दिवेआगर, श्रीवर्धन, मुरूड या किनारी गावांत घरांवरील कौले व पत्रे उडाले, विजेचे खांब आडवे झाले आणि पुढे कित्येक आठवडे अनेक वस्त्या अंधारात राहिल्या. परंतु तेथील खरी हानी वाड्यांची होती. वाडी म्हणजे घराला लागून असलेली नारळ-सुपारीची बाग. सुपारीचे सडपातळ, उंच झाड नारळाच्या सावलीत वाढते, त्यामुळे आधाराची मोठी झाडे कोसळताना सुपारीच्या रांगाही सोबत गेल्या. नवे रोप फळाला यायला सहा-सात वर्षे लागतात, म्हणजे वादळाने एका हंगामाचे पीक नव्हे, तर पुढील कित्येक वर्षांचे उत्पन्न नेले. बाळाजी विश्वनाथ भट यांच्या घराण्यामुळे पुण्याच्या इतिहासाशी जोडलेले श्रीवर्धन रोठा सुपारीसाठी ओळखले जाते, हे ध्यानात घेतले म्हणजे या नुकसानीचे मोल कळते. शासनाने फळबागांची मदत हेक्टरी १८ हजारांवरून ५० हजार रुपये केली, ती याच जाणिवेतून. मात्र काही गुंठ्यांच्या वाडीला हेक्टरचे माप लावणे मुळातच गैरसोयीचे होते.

निसर्गचा मार्ग पुढे मावळ, खेड, जुन्नर या पट्ट्यातून ईशान्येला नाशिककडे गेला; शिरूर व दौंड त्याच्या पूर्वेस राहिले. या तालुक्यांच्या वाट्याला आले ते दुसरे संकट. १३ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी बंगालच्या उपसागरातील एक अतितीव्र कमी दाबाचे क्षेत्र आंध्र प्रदेशात काकीनाड्याजवळ किनारा ओलांडून पश्चिमेकडे सरकले, हैदराबादेत त्याने पूर आणला आणि १४ तारखेला सोलापूर, इंदापूर व दौंड या भागात तुफान पाऊस पाडला. जमिनीवर आल्यावर अशा प्रणालीचे वारे मंदावतात, पण तिच्यातील बाष्प कायम असते. वर्षभरात साधारण पाचशे मिलिमीटर पावसाची सवय असलेल्या मुलखातील ओढ्यांना ते पेलवत नाही. राजेगाव-खानोटा परिसरात त्या रात्री ओढ्याच्या पुरात चार जण वाहून गेले. उन्हाळाभर कोरड्या असणाऱ्या ओढ्यांवर येथे बहुधा कमी उंचीचे फरशी पूल असतात. पाणी त्यांच्यावरून वाहू लागले की रस्ता कोठे संपतो हे अंधारात उमगत नाही. त्याच पावसात पंढरपुरात कुंभार घाटाची भिंत कोसळून सहा जणांचा बळी गेला.

वादळाला नाव मिळते ते त्याचे वारे चक्रीवादळाच्या, म्हणजे ताशी सुमारे ६२ किलोमीटरच्या, पातळीला पोहोचल्यावर. ऑक्टोबरमधील प्रणाली त्या उंबरठ्यापाशीच राहिली, म्हणून ती अनामिक ठरली. वाऱ्यावरून ठरणारी ही प्रतवारी समुद्रातल्या नौकांसाठी योग्य आहे, कारण त्यांना बुडवतो तो मुख्यतः वारा. पठारावर मात्र माणसे मारतो तो पाऊस, आणि त्याची दखल या नामकरणात घेतली जात नाही. परिणामी दौंडच्या त्या रात्रीची नोंद ‘परतीचा पाऊस’ या मोघम सदरात गेली, हा या तालुक्यांवर झालेला अन्याय आहे.

शेतातील हानीही अशीच सहज नजरेआड होणारी होती. लोळलेला ऊस उभ्या पिकासारखाच हिरवा दिसतो. पण जमिनीला टेकलेल्या कांड्यांना कोंब फुटतात, उंदीर लागतात, साखर उतारा घटतो आणि तोडणीचा खर्च वाढतो. कांद्याचे तसे नाही. वाफ्यात पाणी साचले की मुळे कुजतात आणि पात पिवळी पडते. २३ ऑक्टोबरला राज्य शासनाने दहा हजार कोटींची मदत जाहीर केली, तीत जिरायत व बागायत पिकांना हेक्टरी दहा हजार आणि फळबागांना पंचवीस हजार रुपये, दोन्ही दोन हेक्टरांच्या मर्यादेत, असा दर होता. कोकणातील बागायतदाराला निसर्गनंतर मिळालेल्या दराच्या फळबागांचा हा दर निम्मा होता. ज्या प्रणालीमुळे हे घडले, ती तोवर महाराष्ट्र ओलांडून अरबी समुद्रात उतरून विरलीही होती.