कासवाचा चुकलेला त्रिकोण

नवशिक्याने भूमितीची आकृती काढणारा छोटा प्रोग्रॅम लिहावा आणि त्यातली चूक त्यानेच शोधावी, ही शिकवण्याची रीत लोगो या संगणकभाषेतून रुजली. लोगो १९६७ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, केंब्रिज शहरातल्या ‘बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन’ या कंपनीत तयार झाली. वॉली फ्यूरझाइग, सिमोर पॅपर्ट, सिंथिया सॉलोमन आणि डॅनियल बॉब्रो हे तिचे प्रमुख कर्ते. सुरुवातीला तिच्यात आकृत्या नव्हत्या. मुले शब्द आणि वाक्ये जुळवत.

आकृत्या काढणारे कासव थोडे नंतर आले. आधी ते जमिनीवर चालणारे, पोटाखाली पेन असलेले यंत्र होते, मग पडद्यावरचे चिन्ह झाले. ब्रिस्टलमध्ये ग्रे वॉल्टर यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस केलेल्या यांत्रिक कासवांवरून हे नाव पडले. ‘फॉरवर्ड १००’ म्हटले की ते शंभर पावले पुढे जाई, ‘राइट ९०’ म्हटले की जागच्या जागी उजवीकडे काटकोनात वळे.

समभुज त्रिकोण काढताना बहुतेक मुले एकच चूक करीत. त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा, म्हणून ती तीन वेळा ‘फॉरवर्ड १००, राइट ६०’ लिहीत. पडद्यावर मात्र अर्धा षट्कोन उमटे आणि आकृती उघडीच राही. पुस्तकातले ६० अंश आतल्या कोनाचे असतात. कासव वळते ते बाहेरच्या कोनातून, म्हणजे १२० अंशांनी. हे शिक्षकाने सांगून टाकणे सोपे होते. पॅपर्ट यांचा आग्रह असा की मुलाने स्वतः कासव होऊन जमिनीवर त्रिकोण चालून पाहावा. पुन्हा मूळ जागी, मूळ दिशेला तोंड करून उभे राहायचे तर एकूण ३६० अंश वळावे लागते, आणि ते तीन कोपऱ्यांत वाटले की १२० येतात. बालमानसशास्त्रज्ञ जीन पियाजे यांच्याबरोबर जिनिव्हात काम केलेल्या पॅपर्ट यांना मूल स्वतःच्या कृतीतून ज्ञान उभारते याची खात्री होती.

१९८० च्या ‘माइंडस्टॉर्म्स’ या पुस्तकात त्यांनी घराचे उदाहरण दिले आहे. चौरस आणि त्रिकोण हे दोन्ही प्रोग्रॅम बरोबर, पण एकामागून एक चालवले की छप्पर भिंतींच्या आत पडते, कारण चौरस संपताना कासव खालच्या कोपऱ्यात परतलेले असते. मध्ये ‘फॉरवर्ड १००’ घातले की छप्पर वर जाते, पण तिरके बसते. आणखी ‘राइट ३०’ दिले की घर पुरे होते. इथे दोन्ही तुकडे निर्दोष आहेत आणि चूक त्यांच्या सांध्यात आहे. नवशिक्याला ही गोष्ट इतक्या स्वच्छपणे दाखवणारे उदाहरण विरळाच.

१९८० च्या दशकात घरगुती संगणकांबरोबर लोगो अनेक शाळांत पोचली, आणि अपेक्षा फार वाढल्या. न्यूयॉर्कच्या बँक स्ट्रीट कॉलेजमधले संशोधक रॉय पी आणि मिडियन कर्लंड यांना मात्र १९८४ च्या सुमारास आढळले की लोगो शिकलेली मुले नियोजनात इतरांहून सरस ठरत नाहीत. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातले डेव्हिड क्लार आणि शॅरन कार्व्हर यांनी वेगळी वाट धरली. त्यांनी चूक शोधण्याचे टप्पेच शिकवले: हवे काय होते आणि झाले काय ते ताडून पाहणे, फरकावरून चुकीचा प्रकार ओळखणे, ती कोणत्या भागात असेल ते ठरवणे, मगच दुरुस्ती. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात मुलांना संगणकाबाहेरच्या लेखी सूचनांतल्या चुकाही अधिक चांगल्या प्रकारे सापडल्या. नुसता सराव पुरत नाही, शोधण्याची रीत शिकवावी लागते, हे यातून दिसले.

पायथन भाषेत ‘टर्टल’ नावाचे तेच कासव आजही आहे आणि ते अंशांतच वळते. त्याच भाषेतले ‘साइन’ हे त्रिकोणमितीचे फलन मात्र रेडियन या कोनाच्या दुसऱ्या एककात चालते. त्याला ९० दिले की १ ऐवजी सुमारे ०.८९ मिळते. आकृती विस्कटली तर उत्तर माहीत असलेला एखादा कोन देऊन आलेली संख्या छापून पाहावी. ही चूक तिथेच उघडी पडते.