सोळाव्या क्रमांकाचा विजेता



स्नूकर हा खेळ इंग्लंडांत वाढला, परंतु जन्मला तो आपल्या देशांत. १८७५ सालीं जबलपूरच्या छावणींत, डेव्हनशायर रेजिमेंटच्या अधिकाऱ्यांच्या भोजनगृहांत, नेव्हिल चेंबरलेन नांवाच्या एका तरुण अधिकाऱ्यानें बिलियर्डच्या टेबलावर आणखी रंगीत चेंडू मांडून हा खेळ सुरू केला, असें सामान्यतः मानतात. हे चेंबरलेन म्हणजे पुढें पंतप्रधान झाले ते नव्हेत. माझे विद्यार्थी ही चूक हमखास करीत, म्हणून आरंभींच सांगून टाकतों.

खेळ दिसावयास सोपा. टेबल बारा फूट लांबीचें. त्यावर पंधरा तांबडे चेंडू, सहा निरनिराळ्या रंगांचे आणि एक पांढरा. पांढऱ्या चेंडूला काठीनें टोला देऊन आधीं तांबडा आणि मग रंगीत असे आलटून पालटून खिशांत घालावयाचे. तांबड्याला एक गुण. रंगीतांना दोनपासून सातपर्यंत. बस्स, एवढाच कारभार. पण ह्या एवढ्याशा कारभारांत माणसाचें सारें आयुष्य खर्ची पडतें.

असें आयुष्य खर्चिलेल्यांपैकीं एक जो जॉन्सन. १९५२ सालीं जन्मलेला, यॉर्कशायरमधील ब्रॅडफर्ड ह्या लोकरीच्या गिरण्यांच्या गांवचा. बाप पाकिस्तानी, आई इंग्रज. आडनांव आईच्या दुसऱ्या पतीकडून आलेलें. पोटासाठीं त्यानें गॅस खात्यांत नोकरी केली, हौसेसाठीं एका वाद्यवृंदांत गाणीं म्हटलीं, आणि उरलेला वेळ टेबलाला वाहिला. १९७८ सालीं इंग्लंडच्या हौशी खेळाडूंच्या स्पर्धेंत तो अंतिम सामन्यापर्यंत गेला. तेथें वेल्सच्या टेरी ग्रिफिथ्सनें त्याला हरविलें. त्याच सालीं माल्टा बेटांत हौशी खेळाडूंच्या जागतिक स्पर्धेंतहि तो अंतिम सामन्यांत पोंचला. तेथें क्लिफ विल्सननें त्याला ११-५ असें हरविलें. पुढच्याच वर्षीं ग्रिफिथ्स व्यावसायिकांचा जगज्जेता झाला. जॉन्सनहि १९७९ सालीं व्यावसायिक झाला. पण त्याच्या वाट्याला आलें तें निराळें.

पांच वर्षें त्याला मुख्य स्पर्धेचें दारच उघडलें नाहीं. ही स्पर्धा १९७७ पासून शेफील्डच्या क्रूसिबल नाट्यगृहांत भरते. पहिल्या सोळा क्रमांकांच्या खेळाडूंना तेथें सरळ प्रवेश. बाकीच्यांनीं आधीं पात्रता सामन्यांच्या चाळणींतून निघावयाचें. १९८३ सालीं एका मोठ्या स्पर्धेंत तो अंतिम सामन्यापर्यंत पोंचला आणि टोनी नोल्सकडून ९-८ असा, म्हणजे अगदीं शेवटच्या डावांत, हरला. १९८४ व १९८५ सालीं क्रूसिबलमध्यें प्रवेश मिळाला, तर दोन्ही वेळां पहिल्याच फेरींत बाहेर!

१९८६ चा वसंत उजाडला तेव्हां जॉन्सन सोळाव्या क्रमांकावर होता. वर्गांतल्या सोळाव्या मुलाकडे आम्हां मास्तरांचें फारसें लक्ष नसतें. तो नापास होत नाहीं आणि बक्षीसहि घेत नाहीं. पैजा घेणाऱ्यांचेंहि तसेंच. त्यांनीं त्याच्या नांवावर एकास दीडशें असा भाव लावला होता. त्यानें क्रूसिबलमध्यें तोंपर्यंत एकहि सामना जिंकिला नव्हता, हें लक्षांत घेतां त्यांना दोष देतां येत नाहीं.

पहिल्या दोन फेऱ्या त्यानें सहज मारल्या. उपांत्यपूर्व फेरींत समोर उभा राहिला तोच ग्रिफिथ्स. तेरा डाव जिंकावयाचे होते. ग्रिफिथ्सचे बारा झाले, जॉन्सनचे नऊ. आतां ह्यापुढें काय व्हावयाचें तें सर्वांना दिसत होतें. परंतु जॉन्सननें ओळीनें चार डाव घेतले आणि १३-१२ असा सामना काढला. ज्यांना केवळ अंतिम सामना ठाऊक आहे, त्यांना मी म्हणेन कीं ह्या चार डावांतच सारी गोष्ट आहे. उपांत्य फेरींत नोल्स भेटला. त्याचा जॉन्सननें १६-८ असा फडशा पाडला. आठ वर्षांपूर्वींचें आणि तीन वर्षांपूर्वींचें, दोन्ही देणीं एका पंधरवड्यांत फिटलीं.

शेवटीं स्टीव्ह डेव्हिस. तीनदां जगज्जेता झालेला, त्या काळचा निर्विवाद पहिल्या क्रमांकाचा खेळाडू. आदल्या वर्षीं अखेरच्या डावांतील अखेरच्या काळ्या चेंडूवर तो डेनिस टेलरकडून हरला होता. तेव्हां ह्या वेळीं तो पेटून उठणार, असाच बहुतेकांचा होरा. जॉन्सन मात्र गुलाबी-पांढरे बूट घालून, जणू गांवच्या मंडळांत खेळावयास आल्यासारखा खेळत राहिला. १८-१२ ! सहा मुलांचा हा बाप जगज्जेता झाला आणि सत्तर हजार पौंडांचें बक्षीस घेऊन ब्रॅडफर्डला परतला.

येथवरची कथा पुष्कळांनीं सांगितली आहे. मला जें सांगावयाचें आहे तें पुढचें. त्यानंतरचा त्याचा हंगाम अगदीं निस्तेज गेला. जगज्जेत्याची पदवी अंगावर आणि जागोजाग पराभव. लोक म्हणूं लागले, हा नशिबाचा धनी. १९८७ सालीं तो क्रूसिबलमध्यें उतरला तेव्हां पहिल्याच फेरींत यूजीन ह्यूजविरुद्ध शेवटच्या डावापर्यंत लोंबकळला आणि १०-९ असा कसाबसा वांचला. मग उपांत्यपूर्व फेरींत अठरा वर्षांचा स्टीफन हेंड्री आला, जो पुढें सात वेळां जगज्जेता व्हावयाचा होता. त्यालाहि १३-१२ ! उपांत्य फेरींत नील फोल्ड्सला १६-९ असें नमवून तो पुन्हा डेव्हिससमोर उभा राहिला, आणि ह्या खेपेस १८-१४ असा हरला.

माझ्या मतें हा पराभव त्या विजयाहून मोठा. आदल्या वर्षीं त्याला गमावण्यासारखें कांहीं नव्हतें. ह्या वर्षीं सर्व कांहीं होतें, आणि तरीहि तो शेवटच्या दिवसापर्यंत टिकला. क्रूसिबलमध्यें प्रथमच अजिंक्यपद मिळविणाऱ्या एकाहि खेळाडूला १९७७ पासून २०२५ पर्यंत लगेच पुढल्या वर्षीं तें राखतां आलेलें नाहीं. त्यांपैकीं पुढल्या वर्षींच्या अंतिम सामन्यापर्यंत पोंचले ते दोघेच : १९८७ सालीं जॉन्सन आणि १९९८ सालीं आयर्लंडचा केन डोहर्टी.

त्या उन्हाळ्यांत तो पांचव्या क्रमांकावर चढला. तें त्याचें शिखर. १९८७ च्या स्कॉटिश मास्टर्स स्पर्धेंत पुन्हा ग्रिफिथ्सवरच जय मिळाला. परंतु मानांकनाचे गुण देणारी दुसरी एकहि स्पर्धा त्याला कधीं जिंकतां आली नाहीं. ज्या डोळ्यांवर हा खेळ चालतो त्यांनींच त्रास दिला, पुढें हृदयविकाराचे झटके आले, आणि १९९० सालीं तो पहिल्या सोळांतून बाहेर पडला. पुन्हा तीच पात्रता सामन्यांची चाळण, ज्या वाटेनें तो वर आला होता ती.

तरी खेळणें त्यानें लगेच सोडलें नाहीं. नव्या शतकाच्या आरंभापर्यंत तो व्यावसायिक म्हणून खेळत राहिला. नंतर त्यानें दूरचित्रवाणीवर समालोचन केलें आणि तरुण मुलांना काठी कशी धरावी तें शिकविलें.